शिधा, सेवा आणि अध्ययन : विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचे तौलनिक वाचन

१

आत्मचरित्रांच्या अभ्यासात विद्यार्थिदशेची प्रकरणे बहुधा पूर्वतयारी म्हणून वाचली जातात. पुढे जो विद्वान होणार आहे त्याच्या घडणीचा काळ, एवढेच त्यांचे प्रयोजन मानले जाते. त्या प्रकरणांत येणारे जेवणाचे, मुक्कामाचे, पोथ्या नकलून काढण्याचे आणि गुरूच्या मागे गावोगाव हिंडण्याचे तपशील ‘हालअपेष्टा’ या एका शब्दात गुंडाळून समीक्षक पुढे सरकतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा दिनक्रम ज्ञानाच्या स्वरूपाचाच एक घटक असतो. विद्यार्थी कोणाचे अन्न खातो, त्या अन्नाच्या मोबदल्यात कोणते काम करतो आणि उरलेल्या वेळात त्याला काय वाचता येते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्याच्या विद्येची कक्षा आखली जाते. पुढे तो आपली कथा कोणत्या स्वरात सांगणार, हेही पुष्कळ अंशी तिथेच ठरते.

या प्रतिपादनाची तपासणी करण्यासाठी दोन संहिता प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत. पहिली, तमिळ संशोधक उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांचे ‘एन् चरित्तिरम्’ हे आत्मचरित्र. ते १९४० पासून ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले, लेखकाच्या निधनामुळे अपुरे राहिले आणि १९५० साली ग्रंथरूपाने आले. दुसरी, धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे १९२४ सालचे ‘निवेदन’. एक ग्रंथ कावेरीच्या खोऱ्यातला, दुसरा गोव्याहून निघून काशी, नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत गेलेल्या मराठी माणसाचा. दोघांची भाषा, धर्मदृष्टी आणि स्वभाव परस्परांहून भिन्न आहेत. त्यांना एकत्र आणणारा धागा मात्र एका लहानशा गावात सापडतो.

ते गाव तिरुप्पनंदाळ. तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या ईशान्येस वीसेक किलोमीटरांच्या आत ते वसले आहे. येथील शिवमंदिराचा स्थलवृक्ष ताड आहे, आणि गावाच्या नावातही तमिळमधील ताडाचा वाचक शब्द ऐकू येतो. ज्या प्रदेशात शतकानुशतके ताडाच्या पानावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरून विद्या टिकवली गेली, तेथे हा योग सहज लक्षात राहतो. गावाची दुसरी ओळख म्हणजे येथील काशीमठ. सतराव्या शतकातील शैव कवी कुमरगुरुपरर हे धर्मपुरम् मठाच्या परंपरेत दीक्षित होऊन काशीस गेले आणि तेथे त्यांनी मठ स्थापन केला. केदारघाटावरील कुमारस्वामी मठ ही त्याची आजची खूण. त्यांच्या शिष्यपरंपरेने अठराव्या शतकात तिरुप्पनंदाळ येथे ठाणे केले. म्हणूनच कावेरीकाठी राहणाऱ्या येथील मठाधिपतींना ‘काशीवासी’ ही उपाधी आहे. काशी आणि कावेरी यांच्यामध्ये यात्रेकरू, पोथ्या, पैसा आणि विद्यार्थी यांची जी ये-जा शतकानुशतके चालली, तिचे हे एक ठाणे होय. कोसंबींचा या मठाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यवस्थेने अय्यरांना कावेरीकाठी पोसले आणि ज्या व्यवस्थेने कोसंबींना गंगेकाठी पोसले, त्या दोहोंची जात एकच होती : दानातून चालणारे अन्न आणि त्या अन्नाच्या आश्रयाने चालणारे अध्ययन.

मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी नाही. तंजावरच्या भोसले राजांनी याच प्रदेशात छत्रे उभारली. दुसऱ्या सरफोजींच्या काळातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील विशेष प्रसिद्ध. तेथे वाटसरूंना जेवण मिळे आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय होती. ‘अन्नछत्र’ हा शब्द आणि विद्यार्थी या अर्थाचा ‘छात्र’ हा शब्द यांचे कूळ व्याकरणदृष्ट्या एक नसेलही. तथापि त्यांचे साहचर्य अर्थपूर्ण आहे. पाणिनीय परंपरेने ‘छात्र’ शब्दाची व्युत्पत्ती छत्रावरून लावली. काशिकाकारांच्या मते, छत्री जशी झाकते तसा गुरूचे न्यून झाकण्यात जो तत्पर तो छात्र. भाष्यकारांनी हा संबंध दुहेरी मानला : गुरूने शिष्याला सावली द्यावी, शिष्याने गुरूला जपावे. या व्युत्पत्तीत विद्यार्थ्याच्या कामाचे एक वर्णन दडलेले आहे. शिकणे हे त्याचे एक काम. झाकणे हे दुसरे. विद्यार्थिदशेच्या आत्मकथनात काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते, हे पाहण्यासाठी ही दुहेरी व्याख्या उपयोगी पडते.

२

अय्यर १८७१ साली मायवरम् येथे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै (१८१५–१८७६) यांच्याकडे शिकण्यास गेले. तत्पूर्वी वडिलांनी त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी, एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे नेले होते. जेथे शिकवणारा आहे तेथे कुटुंबाच्या निर्वाहाची सोय नाही आणि जेथे निर्वाह आहे तेथे शिकवणारा नाही, ही कोंडी आत्मचरित्राच्या पूर्वार्धात वारंवार येते. पिळ्ळै हे तिरुवावडुदुरै मठाचे विद्वान होते. मठाच्या आणि श्रीमंत भाविकांच्या सांगण्यावरून ते स्थलपुराणे रचीत. रचना तोंडी होई आणि शिष्य ती ताडपत्रावर उतरून घेई. म्हणजे विद्यार्थी हा एकाच वेळी श्रोता, लेखनिक आणि नक्कलकार असे.

या आत्मचरित्रातील एक प्रसंग विशेष मननीय आहे. आरंभी या नव्या विद्यार्थ्याला गुरूंकडून प्रत्यक्ष पाठ मिळण्याची संधी कमी होती. पिळ्ळै यांना झाडांची आवड होती. सकाळी ते बागेत हिंडून कोणत्या रोपट्याला नवी पालवी फुटली ते पाहत. मुलाच्या हे ध्यानात आले. तो त्यांच्या आधी उठून बागेत फिरू लागला आणि कोठे अंकुर आला आहे ते हेरून ठेवू लागला. गुरू आले की तो त्यांना ते दाखवी. गुरू प्रसन्न झाले, बोलणे वाढले आणि त्यातून पाठांना सुरुवात झाली. गुरुभक्तीची हृद्य आठवण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि तो तसा आहेही. परंतु त्याचे दुसरे वाचनही शक्य आहे. येथे पाठ मिळवणे हेच एक काम आहे. ते पहाटे करावे लागते, त्यासाठी निरीक्षण आणि चातुर्य लागते आणि त्याची गणना अध्ययनात होत नाही. अय्यर स्वतः हे युक्तीचे काम होते हे लपवीत नाहीत. वृद्धपणी लिहिणारा निवेदक त्या मुलाच्या धडपडीकडे सौम्य विनोदाने पाहतो. या विनोदातच भक्ती आणि हिशेब एकत्र नांदतात.

गुरू हे वेळ देणारे होते, तसेच वेळ रोखणारेही होते. मायवरम् येथे ‘नंदनार चरित्र’कार गोपालकृष्ण भारती राहत असत. संगीतज्ञाच्या घरात जन्मलेला हा विद्यार्थी त्यांच्याकडे गाणे शिकू लागला होता. गाण्यात मन गुंतले तर तमिळ ग्रंथांचे अध्ययन मागे पडेल, असे पिळ्ळै यांचे मत पडले आणि गाणे सुटले. निवेदक या निर्णयाचा निषेध करीत नाही; परंतु तो सांगायलाही विसरत नाही. ‘छात्र’ शब्दाच्या व्युत्पत्तीतील झाकणे आणि आत्मचरित्रकाराचे सांगणे यांच्यामधील तोल येथे दिसतो.

अन्नाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. शिष्य ब्राह्मण, गुरू वेळ्ळाळ. त्यामुळे एकत्र भोजन नाही. गुरूंच्या घरी इतर विद्यार्थी जेवत. अय्यरांची सोय अन्यत्र करावी लागे. स्वतः गुरू कीर्तिमान असूनही कर्जात होते, कारण विद्यार्थ्यांना पोसण्याचा भार त्यांच्यावर होता. मठाचे अन्न, मठाकडून येणारी पुराणरचनेची कामे, त्या कामांतून चालणारे गुरूचे घर आणि त्या घरावर अवलंबून असलेले विद्यार्थी, अशी ही साखळी होती. या साखळीत काय शिकवले जाणार हे वेगळे ठरवण्याची गरजच नव्हती. अंतादी, पिळ्ळैत्तमिळ, कलंबकम्, कोवै, उला, स्थलपुराण : ज्या प्रकारच्या रचनांना मठ आणि मंदिर यांच्या जीवनात स्थान होते, त्याच शिकवल्या जात.

याचा उलगडा एका भेटीत झाला. १८७६ साली पिळ्ळै निवर्तले. त्यानंतर मठाधिपती सुब्रह्मण्य देशिकर यांच्या आश्रयाने अध्ययन चालू राहिले आणि १८८० साली अय्यर कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे मुन्सफ म्हणून आलेले सेलम रामस्वामी मुदलियार यांची त्यांनी भेट घेतली. काय काय वाचले आहे, असे मुदलियारांनी विचारले. अय्यरांनी आपल्या अध्ययनाची दीर्घ यादी सांगितली. तिचा मुदलियारांवर काही परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणि’ वाचले आहे काय, ‘मणिमेखलै’ वाचले आहे काय, असे प्रश्न आले. उत्तर नकारार्थी होते. दहा वर्षांच्या अखंड परिश्रमानंतर स्वतःच्या भाषेचे प्राचीन वाङ्मय आपण पाहिलेलेच नाही, हे त्या तरुण अध्यापकाला एका बैठकीत कळले. तमिळ साहित्याच्या इतिहासात ही भेट पुनरुज्जीवनाचा आरंभबिंदू मानली जाते. विद्यार्थ्याच्या दिनक्रमाच्या दृष्टीने पाहता ती एक हिशेबाची घटिका आहे. बुद्धी किंवा परिश्रम कमी पडले नव्हते. ज्या अन्नावर परिश्रम चालले होते त्या अन्नाची कक्षा तेवढी होती. ‘चिंतामणि’ हे जैन काव्य होते आणि शैव मठाच्या रोजच्या व्यवहारात त्याला जागा नव्हती.

तथापि विवेचन येथेच थांबवणे अन्यायाचे होईल. १८८७ साली अय्यरांनी ‘जीवकचिंतामणि’ संपादित करून प्रसिद्ध केले; पुढे ‘पत्तुप्पाट्टु’ (१८८९), ‘शिलप्पधिकारम्’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४) आणि ‘मणिमेखलै’ (१८९८) आली. या कामासाठी लागलेली साधने कोठून आली? जीर्ण ताडपत्र वाचण्याची सवय, एका पाठावरून दुसरा पाठ ताडून पाहण्याची शिस्त, हजारो पद्ये मुखोद्गत असल्यामुळे तुटक ओळीतील छंद ओळखण्याची क्षमता, हे सारे मठातील त्या ‘अवांतर’ कामांनी दिले होते. जैन परिभाषा समजून घेण्यासाठी ते कुंभकोणममधील जैन गृहस्थांकडे गेले; विचारण्यात कमीपणा न मानण्याची वृत्तीही विद्यार्थिदशेचीच. म्हणजे पाठ्यक्रमाने मर्यादा घातली आणि परिश्रमाने ती ओलांडण्याचे हत्यार दिले. दिनक्रमाचा हा दुहेरी परिणाम लक्षात न घेता मठीय अध्ययनाचा गौरव करणे किंवा त्याला जुनाट म्हणून बाजूस सारणे, दोन्ही सारखेच उथळ ठरेल.

३

कोसंबींच्या ‘निवेदना’त हेच द्वंद्व उलट दिशेने येते. अय्यरांना काय शिकायचे ते व्यवस्थेने सांगितले. कोसंबींना काय शिकायचे ते आधीच ठाऊक होते, परंतु ते शिकवणारी व्यवस्था त्यांच्या आसपास कोठेही नव्हती. ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धचरित्रावरील लेखनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १८९९च्या अखेरीस सांखवाळचे घर, पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून ते बाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साहाय्य मिळाले. परंतु संस्कृताचे सखोल अध्ययन व्हायचे तर काशीस जाणे आवश्यक होते आणि पैशाविना तेथे राहायचे तर अन्नछत्राचा आधार घेणे क्रमप्राप्त होते.

काशीतील विद्यार्थ्याचा दिवस छत्रातील पंक्तीच्या वेळेभोवती फिरतो. पाठ, आवृत्ती, गंगेवरील स्नान, सारे त्या वेळेला सांभाळून. बुद्धाचा धर्म शोधायला निघालेला माणूस येथे व्याकरणाची ‘कौमुदी’ घोकतो आणि ज्या श्रद्धेच्या आधारावर हे अन्न चालते त्या श्रद्धेपासून तो मनाने दूर जात असतो. येथे अय्यरांच्या कथेत नसलेला एक ताण निर्माण होतो. अय्यर अन्नदात्याच्या विद्येचेच अध्ययन करतात. कोसंबी अन्नदात्याच्या अन्नावर दुसऱ्याच विद्येची तयारी करतात. पुढे नेपाळात त्यांची निराशा झाली. बुद्धगया आणि कलकत्ता या मार्गाने १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकू लागले. काशीतील कौमुदीचे घोकणे त्या वेळी निरर्थक नव्हते हे वाचकाच्या ध्यानात येते. संस्कृत व्याकरणाची पक्की बैठक नसती तर पालीत इतक्या अल्पावधीत गती मिळणे कठीण होते.

शैलीच्या दृष्टीनेही हे दोन ग्रंथ तुलनीय आहेत. अय्यरांचे कथन विस्तृत, माणसांनी गजबजलेले आणि कृतज्ञतेने ओथंबलेले आहे. ज्याने एक वेळचे जेवण दिले त्याचेही नाव आणि गाव त्यात येते. कोसंबींचे गद्य आवरते आहे. भूक, आजार, प्रवास यांचे उल्लेख ते कोरडेपणाने करतात, कीव मागत नाहीत आणि फारसे आभारही मानीत बसत नाहीत. ‘निवेदन’ या शीर्षकातच हिशेब सादर करण्याची भूमिका आहे. हा फरक केवळ स्वभावाचा नाही. एक निवेदक आश्रयाच्या दीर्घ, स्थिर नात्यात वाढला. दुसरा सतत आश्रय बदलत गेला. पहिल्याच्या वाक्यात माणसे राहतात, दुसऱ्याच्या वाक्यात टप्पे.

कोसंबींच्या आयुष्यातील एक करार या संदर्भात उल्लेखनीय आहे. १९०८च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. अट अशी की त्यांनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाचे अध्यापन सोडून कोसंबींनी ही योजना स्वीकारली. छत्रातील अन्नाला मुदत नव्हती आणि अटही उघड नव्हती. जात, आचार आणि नम्रता या अटी गृहीत धरलेल्या असत. येथे रक्कम, मुदत आणि फलनिष्पत्ती तिन्ही स्पष्ट आहेत. आधुनिक अधिछात्रवृत्तीचे रूप याहून फारसे वेगळे नाही.

४

छत्राकडून वृत्तीकडे झालेल्या या स्थित्यंतराचा एक टप्पा महाराष्ट्रात आधीच येऊन गेला होता. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग १८२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, काही ग्रंथांच्या पारितोषिकांकडे आणि पुढे काही ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याकडे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. दानाची रक्कम तीच, परंतु घेणाऱ्याकडून अपेक्षित असलेली गोष्ट बदलली. पूर्वी त्याने विद्वान असणे पुरेसे होते; आता त्याने शिकत असताना शिकवणेही आवश्यक ठरले. संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाला जुंपण्याची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून दिसते. ज्यांच्या दारी कोसंबी विद्यार्थी म्हणून गेले ते भांडारकर स्वतः या रूपांतरित दक्षिणेवर वाढलेले होते.

तिरुप्पनंदाळ मठानेही असेच एक वळण घेतले. विसाव्या शतकात मद्रास विद्यापीठाच्या तमिळ ‘विद्वान’ परीक्षेत पहिल्या येणाऱ्यास या मठातर्फे १,००० रुपयांचे पारितोषिक दिले जाई. अय्यरांचे शिष्य कि. वा. जगन्नादन् यांना ते १९३३ साली मिळाले, मु. वरदराजन् यांना १९३५ साली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. मठ आता विद्यार्थ्याला रोज जेवू घालीत नाही. अध्ययन संपल्यावर, परीक्षेचा निकाल लागल्यावर, एका व्यक्तीला गौरवतो. विद्यार्थी सकाळी काय खातो, कोठे झोपतो आणि कोणाच्या पोथ्या उतरवतो, याच्याशी पारितोषिकाचा संबंध नाही. दिनक्रम मठाच्या दृष्टीआड गेला आणि निकाल तेवढा समोर राहिला.

वरदराजन् यांची पुढील वाटचाल या बदलाचे बोलके उदाहरण आहे. सरकारी कचेरीतील कारकुनी करून झाल्यावर ते शिक्षक झाले, नंतर मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात अध्यापक. नोकरी सांभाळून त्यांनी १९३९ साली प्राच्यविद्येची स्नातक पदवी, १९४४ साली अधिस्नातक पदवी आणि १९४८ साली मद्रास विद्यापीठाची तमिळमधील पहिली डॉक्टरेट मिळवली. ज्या प्राचीन काव्यांचे नावही १८८०च्या विद्यार्थ्याने अभ्यासले नव्हते त्या संगम काव्यांतील निसर्ग हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अभ्यासविषयाची कक्षा किती विस्तारली याचे हे मोजमाप आहे. परंतु त्याच वेळी विद्यार्थ्याच्या आयुष्याचे कथन मात्र आक्रसले. अय्यरांच्या पाच-सहा वर्षांच्या गुरुसहवासाने आत्मचरित्राची कितीतरी प्रकरणे व्यापली आहेत. आधुनिक विद्यार्थ्याचा काळ चरित्रकोशात चार सनांच्या ओळीत मावतो. दोन सनांमधली वर्षे, रात्रीचे वाचन आणि दिवसाची नोकरी, यांना वाङ्मयात रूप मिळत नाही. आश्रयदाता दिनक्रमाकडे पाहीनासा झाला, तसा निवेदकही.

५

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत एक समान गृहीतक आहे : पंक्तीत बसण्याचा अधिकार. कोसंबींना काशीच्या छत्रात आणि अय्यरांना मठाच्या ब्राह्मणपंक्तीत जागा मिळू शकत होती. ज्याला ती मिळणे अशक्य होते त्याच्या विद्यार्थिदशेचा विचार केल्याशिवाय ही तुलना पूर्ण होत नाही. ज्या सयाजीरावांनी कोसंबींना ५० रुपये दिले त्यांनीच १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. वृत्तीने जात विचारली नाही. पण १९१७ साली करारानुसार सेवेसाठी बडोद्यास आलेल्या आंबेडकरांना राहण्यास घर मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून काढलेले दिवस आणि तेथून झालेली हकालपट्टी यांचे वर्णन ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मपर लेखनात आहे. अभ्यासाचा खर्च देणारा शहराचा राजा होता. तरीही शहराने अभ्यासकाला छप्पर दिले नाही.

या लेखनात कृतज्ञतेचा सूर नाही आणि तक्रारीचा आवेशही नाही. घटनेचा क्रम, वेळ, संभाषण यांची नोंद साक्षीदाराने जबानी द्यावी तशी येते. अय्यरांची कृतज्ञता आणि कोसंबींचा आवर यांच्या पुढे जाणारा हा तिसरा स्वर होय. येथे ‘छात्र’ शब्दाच्या व्युत्पत्तीतील झाकण्याचे कर्तव्य पूर्णपणे नाकारलेले आहे, कारण ज्याच्या डोक्यावर छत्र धरलेच गेले नाही त्याने झाकावे तरी काय?

दुसरी अनुपस्थिती स्त्रियांची. ‘निवेदना’त मागे राहिलेली पत्नी बाळाबाई, अय्यरांच्या कथेत बालवयात विवाह होऊन आलेली पत्नी, गावोगावी विद्यार्थ्याचे पान वाढणाऱ्या गृहिणी : अध्ययनाचा भार यांनीही वाहिला. अन्नदात्याचे नाव कथेत येते, अन्न शिजवणारीचे क्वचितच. विद्यार्थ्याच्या कार्यभाराचा हिशेब मांडताना हा भाग वगळला तर तो हिशेब अर्धाच राहतो.

६

आज ‘अधिछात्रवृत्ती’ हा शब्द शासकीय मराठीत रूढ झाला आहे. त्यात ‘छात्र’ आहे आणि ‘वृत्ती’ म्हणजे निर्वाहही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये केली. परंतु ती राष्ट्रीय चाचणीत निवड झालेल्यांपुरती. केंद्रीय विद्यापीठांतील इतर संशोधकांना मिळणारी ८,००० आणि ५,००० रुपयांची वृत्ती बंद करण्याचा निर्णय २०१५च्या ऑक्टोबरात झाला तेव्हा देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींसाठी संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. अशा प्रत्येक प्रसंगी सार्वजनिक चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : एवढे पैसे घेऊन हे विद्यार्थी करतात तरी काय?

या प्रश्नाचे स्वरूप वर पाहिलेल्या संहितांच्या प्रकाशात स्पष्ट होते. पारितोषिकाच्या व्यवस्थेने दिनक्रम दृष्टीआड केला आणि निकालाला एकमेव पुरावा मानले. त्यामुळे मधल्या वर्षांत घडणारे काम दिसेनासे झाले. प्रवेशपात्रता, अभ्यासक्रमाचे श्रेयांक, मार्गदर्शकाच्या कामांत मदत, तासिका तत्त्वावरील अध्यापन, सहामाही प्रगती अहवाल आणि वृत्ती थकली की कार्यालयाच्या फेऱ्या, यांतून उरेल त्या वेळात आजचा संशोधक वाचतो. पहाटे उठून बागेतील पालवी शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे काम जसे अध्ययनात मोजले गेले नाही, तसेच हेही मोजले जात नाही. फरक एवढाच की त्या विद्यार्थ्याला ते काम केल्यावर गुरूंचा पाठ मिळत असे.

यावरून मठ परत आणावा असा निष्कर्ष निघत नाही. मठाच्या अन्नाने ‘चिंतामणि’ झाकले आणि छत्राच्या पंक्तीने असंख्यांना दाराबाहेर ठेवले, हे विसरून चालणार नाही. अटी उघड असलेली आणि हक्काने मागता येणारी वृत्ती ही त्याहून निःसंशय पुढची पायरी आहे. मात्र मठाला एक गोष्ट ठाऊक होती, जी वृत्तीने विसरता कामा नये : विद्या निकालाच्या दिवशी निर्माण होत नाही, ती रोजच्या जेवणाच्या, नकलांच्या, उजळणीच्या आणि वाट पाहण्याच्या वेळात साठत जाते. अय्यरांना ‘चिंतामणि’ वाचता आले ते त्या साठ्यावर.

तौलनिक साहित्याभ्यासापुढे यातून एक काम उभे राहते. भारतीय भाषांतील विद्यार्थिदशेची आत्मकथने गुरुभक्ती किंवा कष्ट या दोन ठरीव चौकटींबाहेर काढून त्यांतील अन्न, वेळ आणि श्रम यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एखादा ग्रंथ एका काळी का वाचला गेला आणि दुसरा का राहिला, याची उत्तरे अभिरुचीच्या इतिहासात मिळतात तितकीच स्वयंपाकघराच्या हिशेबातही मिळतील. आजच्या संशोधकाने आपल्या मधल्या वर्षांची नोंद ठेवली नाही, तर पुढच्या अभ्यासकाला त्याच्याविषयी चार सन आणि एक शीर्षक एवढेच हाती लागेल.